एका डॉलरची क्रेन

(सुवर्णमहोत्सवी व्यापारी मेळाव्यात केलेले भाषण)



कापडाच्या गादीवर उभे आयुष्य गेलेल्या माणसाने क्रेनवर बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु आपल्यातील काही तरुण कापड-किराणा सोडून जुन्या यंत्रसामग्रीच्या खरेदी-विक्रीत उतरू लागले आहेत. ‘अवजड क्रेन भंगाराच्या भावात मिळते आहे, घ्यावी का?’ असे विचारणारेही भेटतात. त्यांच्यासाठी एका जगप्रसिद्ध सौद्याची हकिकत सांगतो.

स्वीडनमधील माल्मो शहरात कोकुम्स या जहाजबांधणी कारखान्याने १९७३-७४ मध्ये एक अजस्र क्रेन उभारली. उंची १३८ मीटर आणि क्षमता १५०० टन. म्हणजे दहा टनी दीडशे ट्रकांचा माल एका खेपेत! पुढे तेथील व्यापारी जहाजांची बांधणी थांबली आणि क्रेनला काम उरले नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी डेन्मार्कच्या बर्माइस्टर अँड वेन या कंपनीने ती विकत घेतली. परंतु क्रेन हलवण्यापूर्वीच त्या कंपनीचे दिवाळे निघाले. सौदा झाला, माल मात्र जागचा हलला नाही. १९९७ मध्ये ओरेसुंड पुलाच्या उंच खांबांचे पाये तिने उचलले, ते तिचे तेथील अखेरचे काम.

२००२ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई हेवी इंडस्ट्रीजने ती घेतली. किंमत फक्त एक डॉलर! मात्र ती सुटी करण्याचा आणि समुद्रमार्गे उल्सानला नेण्याचा खर्च घेणाऱ्याच्या माथी होता. तेथे पुन्हा उभारणे वेगळेच. आपल्या धंद्यात गाठीची किंमत मोठी आणि हमाली-भाडे किरकोळ असते. येथे हमाली-भाडे हीच किंमत! क्रेन निघाली तेव्हा माल्मोकरांचे डोळे पाणावले, म्हणून कोरियात तिला ‘माल्मोचे अश्रू’ असे नाव पडले.

क्रेन फुकट दिली, असे म्हणणे मला पटत नाही. विकणाऱ्याचा ती काढण्याचा खर्च वाचला आणि बंदरालगतची जागा मोकळी झाली. त्याच जुन्या गोदी परिसरात २००५ मध्ये ‘टर्निंग टॉर्सो’ ही १९० मीटर उंचीची इमारत पूर्ण झाली. घेणाऱ्यापाशी जहाजांचे काम होते, म्हणून त्यालाही सौदा परवडला. मधल्या व्यापाऱ्याने काय करावे, हा आपला प्रश्न आहे.

न खपलेले ठाण दिवाळीत सूट देऊन काढता येते. एवढ्या मोठ्या क्रेनला गिऱ्हाईकच मोजके; माल पडून राहिला की जागेचे भाडे चढते आणि लोखंडाला गंज चढतो. म्हणून पुढचा घेणारा पक्का झाल्याविना इसार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा कोणत्या तारखेपर्यंत मोकळी करायची आणि तोवर जोखीम कोणाची, हे लेखी घ्यावे. मूळ नकाशे मागावेत. त्यांच्याविना सुटे भाग पुन्हा जोडणे महाग पडते. घेणाऱ्याकडील रुळांमधील अंतर, पायाची ताकद आणि विजेचा दाब जुळतो का, तेही पाहावे. रस्त्यातील पूल आणि विजेच्या तारा तर आधी स्वतः जाऊन पाहाव्यात!

आणखी एक गोष्ट. यंत्रावरील पाटीवर लिहिलेले टन ती नवी असतानाचे असतात. सांध्यांना चिरा आहेत का, तारदोर झिजले आहेत का, हे जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावे आणि पुन्हा उभारल्यावर भारचाचणी झाल्याखेरीज ती कामाला लावू देऊ नये. वहीतला आकडा चुकला तर पैसे जातात; क्रेनच्या आकड्याखाली माणसे काम करीत असतात. या तपासणीचा खर्च मी खरेदीच्या किमतीतच धरीन, नफ्यातून नव्हे.