जिवाणूंचे आवरण : थंडीशी आणि कोरडेपणाशी सामना

मृगाचा पाऊस तोंडावर आला की रायझोबियम जिवाणू खताची पाकिटे शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचू लागतात. काळसर भुकटीचे हे पाकीट वरकरणी इतर खतासारखेच दिसते. वस्तुतः त्यात कोट्यवधी सजीव वास करीत असतात. त्यांपैकी किती जीव बियाण्याबरोबर मातीत जिवंत पोहोचतात, यावर या खताची उपयुक्तता अवलंबून आहे. आणि त्यांचे जगणे-मरणे बव्हंशी त्यांच्या अंगावरील एका अतिसूक्ष्म आवरणावर ठरते.

तूप आणि तेल

या आवरणास पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी असते. स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिने अशी त्याची रचना असते. अन्न आत घेणे व टाकाऊ द्रव्ये बाहेर सोडणे हे व्यवहार त्यातूनच चालतात. याकरिता पेशीपटल फार घट्ट असून चालत नाही आणि फार पातळही असून चालत नाही.

कडाक्याच्या थंडीत खोबरेल थिजते, करडईचे तेल मात्र वाहते राहते. खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त असतात. त्यांच्या सरळ साखळ्या एकमेकींना बिलगून बसतात. करडईच्या तेलातील असंपृक्त मेदाम्लांच्या साखळ्यांना बाक असल्याने त्यांना अशी दाटी करता येत नाही. जिवाणूंनी थंडीवर शोधलेला उपाय नेमका हाच आहे.

मानवी आतड्यात आढळणारा एश्चेरिशिया कोलाय हा जिवाणू तापमान उतरताच आपल्या पटलात बाक असलेल्या साखळ्यांचे प्रमाण वाढवितो. वाढीचे तापमान बदलले तरी त्या त्या तापमानाला पटलाचा प्रवाहीपणा जवळजवळ सारखाच राखला जातो, हे सिनेन्स्की या शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दाखवून दिले. मातीतील बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत तर थंडीची चाहूल घेणारे एक प्रथिन पटलातच बसविलेले असते. त्याच्या इशाऱ्यासरशी तयार साखळ्यांना बाक देणारे विकर निर्माण होते. अर्जेंटिनातील रोसारियो येथील संशोधकांनी २००१ मध्ये या यंत्रणेचा उलगडा केला.

ही क्षमता माणसाला नेहमीच हितकारक असते असे नाही. लिस्टेरिया हा रोगकारक जिवाणू फांद्या फुटलेल्या साखळ्यांच्या आधारे आपले पटल लवचीक ठेवतो आणि ४ अंश सेल्सिअसलाही, म्हणजे फ्रीजमध्येही, वाढत राहतो. फ्रीज अन्नाचे बिघडणे लांबवितो, अन्न निर्जंतुक करीत नाही. म्हणून शिळे अन्न चांगले गरम करून आणि दूध उकळूनच घ्यावे. गर्भवती महिलांनी याबाबत विशेष दक्षता घेणे अगत्याचे आहे.

पाण्यावाचून थिजणे

कोरडेपणाचा आघात प्रथमदर्शनी निराळा भासतो. परंतु पटलाला होणारी इजा बरीचशी थंडीसारखीच असते. स्निग्ध रेणूंच्या टोकांशी पाण्याचे रेणू असतात व ते त्या टोकांमध्ये अंतर राखतात. पाणी निघून गेले की रेणू जवळ सरकतात आणि नेहमीच्या तापमानालाही पटल थिजते. पुढे ओल मिळताच ते पुन्हा प्रवाही होऊ लागते. या संक्रमणाच्या क्षणी पटल गळू लागते, आतील द्रव्ये बाहेर पडतात आणि जिवाणू मरतो. म्हणजे पुष्कळदा सुकण्यापेक्षा पुन्हा भिजणेच घातक ठरते.

यावर अनेक जिवाणूंनी शर्करेचा आधार घेतला आहे. ट्रेहॅलोज नावाची शर्करा ते पेशीत साठवितात. पाणी गेल्यावर या शर्करेचे रेणू त्याची जागा घेतात, स्निग्ध रेणूंना दूर ठेवतात आणि पटलाला थिजू देत नाहीत. सोयाबीनच्या मुळांवर गाठी निर्माण करणाऱ्या जिवाणूंतही ट्रेहॅलोजचे प्रमाण वाढल्यास कोरडेपणात तग धरण्याची शक्ती वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

तथापि या संरक्षणाला मर्यादा आहेत. रखरखीत उन्हात झपाट्याने सुकणाऱ्या जिवाणूला अशी तयारी करण्यास अवधीच मिळत नाही. म्हणूनच जिवाणू खताची पाकिटे थंड व सावलीच्या जागी ठेवावीत आणि वापराची मुदत पाहूनच खरेदी करावीत. साधारणतः १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम खत गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. बियाणे सावलीतच सुकवावे आणि त्याच दिवशी ओलाव्याच्या जमिनीत पेरावे.

हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे हे सूक्ष्म सहकारी थंडी आणि कोरडेपणाशी आपल्या परीने झुंजत असतात. त्यांना सावली आणि वेळेवर ओल देणे शेतकऱ्याच्या हाती आहे. त्यासाठी एका पैशाचाही जादा खर्च येत नाही. हयगय केल्यास मात्र पाकिटाचा खर्च वाया जातोच, शिवाय पिकाला मिळू शकणाऱ्या नत्रालाही मुकावे लागते.