वेदनाशामक गोळी : मात्रा, वेळ आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यासाने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली आणि या मंगल प्रसंगी आरोग्याच्या विषयालाही स्थान दिले, याबद्दल विश्वस्तांचे मनःपूर्वक अभिनंदन. आजचा विषय अगदी घरगुती आहे. गुडघेदुखीच्या गोळ्यांची एखादी स्ट्रिप कपाटात नाही, असे घर आपल्या सातारा-सांगली परिसरात विरळाच. या गोळीची निंदा करण्यासाठी मी उभा नाही. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत आणि ठरावीक दिवस दिली असता ती अडून बसलेल्या माणसाला पुन्हा चालते करते. मात्र ती केव्हा, कशासोबत आणि किती पाण्याबरोबर घेतली जाते, यावर तिचे हित-अहित अवलंबून असते. उपवास आणि चौविहार निष्ठेने पाळणाऱ्या आपल्या समाजाने तर हे विशेषत्वाने समजून घ्यावयास हवे.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सर्व एकाच कुळातील दाहशामक औषधे होत. सांध्यात सूज आणि वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ती तयार होऊ देत नाहीत. ॲस्पिरिन व त्याच्या जातीची औषधे याच मार्गाने काम करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. अडचण अशी की, हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि शरीरात पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला गुडघा आणि मूत्रपिंड यांतील भेद कळत नाही. वेदना शमविताना ती या दोन ठिकाणचे संरक्षणही काढून घेते.

प्रथम जठराचा विचार करू. या गोळ्यांमुळे जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि पुष्कळदा पोटात न दुखताही तो होतो. साठी ओलांडलेल्या, पूर्वी अल्सर झालेल्या, ॲस्पिरिन अथवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना हा धोका अधिक असतो. म्हणून गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर आणि बसूनच घ्यावी. आवश्यक वाटल्यास डॉक्टर जठराच्या संरक्षणासाठी वेगळी गोळी देतात. ती खर्चात भर घालणारी म्हणून वगळू नये.

आता मूत्रपिंडाकडे वळू. आपल्यातील अनेक ज्येष्ठांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आणि त्याच्या जोडीला लघवी वाढविणारे औषध सुरू असते. त्यात वेदनाशामक गोळीची भर पडली आणि शरीरातील पाणी कमी झाले, तर काही दिवसांतच मूत्रपिंडाचे कार्य मंदावू शकते. दशलक्षण पर्वातील वा पर्युषणातील निर्जल उपवास, जत-आटपाडी किंवा माण-खटावच्या उन्हात दिवसभर केलेले काम, जुलाब-उलट्या, या सर्व प्रसंगी शरीराची अवस्था एकच असते. अशा वेळी ही गोळी टाळणेच श्रेयस्कर.

पांजरपोळ चालविणाऱ्या आपल्या समाजाला या औषधाची आणखी एक कथा ठाऊक असावी. देशातील गिधाडे झपाट्याने का नाहीशी झाली, याचे उत्तर २००४ साली शेजारच्या पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून मिळाले. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृत शरीर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदीचे पाऊल उचलले, तर २०२३ साली ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही जनावरांपुरती बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाहून वेगळे आहे, हे खरे. तरीही माणसासाठी आणलेली गोळी वा इंजेक्शन गोठ्यात कदापि वापरू नये. जनावरांसाठी मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

हृदयाचा धोकाही लक्षात घ्यावा. रोफेकॉक्सिब हे या कुळातील लोकप्रिय औषध हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढविते असे आढळल्याने सप्टेंबर २००४ मध्ये त्याच्या उत्पादकांनीच जगभरातून मागे घेतले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भारतातही त्यावर बंदी आली. आज मिळणाऱ्या औषधांतही हा धोका कमी-अधिक प्रमाणात आहेच. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी स्वतःच्या मनाने एकही गोळी घेऊ नये.

आता आपल्या व्रतांविषयी. ज्येष्ठ मंडळी डॉक्टरांना सारे सांगतात, परंतु चौविहाराचा नियम आहे, हे मात्र संकोचाने सांगत नाहीत. मग चिठ्ठीवर ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहिले जाते, आणि घरी ती गोळी एक तर राहून जाते किंवा पाण्याविना कोरडी गिळली जाते. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करू शकते. वस्तुतः उपाय सोपा आहे. सकाळच्या न्याहारीनंतर आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनानंतर अशा दोन वेळा बहुधा बसविता येतात, अथवा दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध निवडता येते. एकाशन असेल तर तेही सांगावे. मोठ्या उपवासापूर्वी आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांना भेटावे, क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी आणि रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांविषयीही त्यांचाच निर्णय घ्यावा. निर्जल उपवासात वेदनाशामक गोळी नको. त्या दिवसांत शेक आणि विश्रांती यांवर भागवावे, वेदनाशामक मलम डॉक्टरांना विचारून लावावे. पारण्यानंतरही आहार-पाणी पूर्ववत होऊन लघवी नेहमीसारखी होऊ लागल्यावरच गोळी पुन्हा सुरू करावी.

आणखी एक शंका वारंवार विचारली जाते. अनेक कॅप्सूलची आवरणे प्राणिजन्य जिलेटिनची असतात. सांध्यांसाठी घेतले जाणारे ग्लुकोसामाइन पुष्कळदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून, तर कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून मिळवितात. ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांनी मोकळेपणाने सांगावे. गोळीच्या स्वरूपातील पर्याय बहुधा मिळतो. मात्र न सांगता औषध सोडून देणे घातक ठरते.

काही व्यावहारिक नियम सांगतो. एका वेळी या कुळातील एकच औषध घ्यावे. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांत नावे वेगळी असली, तरी आतील द्रव्य एकच असू शकते. म्हणून व्यापारी नावाखालची बारीक अक्षरे वाचावीत. अनेक संयुक्त गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतेच. त्यावर तापाची वेगळी गोळी घेतल्यास मात्रा नकळत वाढते. ताप आणि अंगदुखी असताना डेंग्यू नाही हे स्पष्ट होईपर्यंत दाहशामक गोळी घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेऊ नये. स्ट्रिपचा नाव आणि मुदत नसलेला तुकडा विकत घेऊ नये. नाव-गाव नसलेल्या पुड्या तर मुळीच नकोत, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

शौचास डांबरासारखी काळी होणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पायांवर सूज, लघवी कमी होणे, छातीत दुखणे, धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटी एक महत्त्वाचा भेद सांगतो. वयोमानाने गुडघा झिजला असेल, तर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे आणि मलम यांनी गोळीची गरज पुष्कळ कमी होते. परंतु बोटांचे लहान सांधे सुजतात, सकाळी तासभर आखडलेले राहतात, असे असेल तर तो आमवात असू शकतो. त्यात वेदनाशामक गोळी दुःख झाकते, सांध्याची हानी थांबवीत नाही. त्यासाठीची औषधे निराळी आहेत आणि ती वेळेत सुरू व्हावी लागतात. तेव्हा गोळीवर वर्षे काढू नयेत.

संयम आणि विवेक हे आपल्या आचाराचे आधार आहेत. आपली व्रते डॉक्टरांना सांगावीत आणि आपल्या गोळ्या घरच्यांना सांगाव्यात, एवढे जरी आजच्या श्रोत्यांनी पाळले तरी पुढील पर्वात कुणा ज्येष्ठाला रुग्णालयाची पायरी चढावी लागणार नाही, अशी आशा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो. जयजिनेंद्र.