खेळाडूला सर्दी का होते?

(गणेशोत्सवातील व्याख्यान, तिरुवैयारु)



"शर्यत झाली की आजारी पडतोस, मग पळतोस कशाला?" हा प्रश्न खेळणाऱ्या मुलांना घरी ऐकावा लागतो. तो अगदीच निराधार नाही. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डॉ. डेव्हिड नीमन यांनी धावपटूंकडे चौकशी केली. धावलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात आजारी पडल्याचे सांगितले. तयारी करूनही न धावलेल्यांपैकी जेमतेम २ टक्क्यांनी. शिवाय जोरदार व्यायामानंतर तास-दोन तासांत रक्तातल्या लिंफोसाइट पेशी कमी झालेल्या दिसतात. झाले! प्रतिकारशक्ती खचली, असे सर्वांनी मानले.

पण त्या पेशी मरत नाहीत. बऱ्याचशा फुफ्फुसांकडे, आतड्यांकडे जातात, असे २०१८ साली बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी मांडले. गस्तवाला चौकात दिसला नाही म्हणून तो पळाला असे कसे म्हणावे? तो गल्लीत गेला असेल. यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, पण मला हे पटते. घसा खवखवतो तेव्हा दरवेळी जंतू सापडतोच असेही नाही. कोरड्या हवेत तासन्‌तास धापा टाकल्यानेही घसा धरतो.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकहून परतल्यावर ओ. पी. जैशा आणि सुधा सिंग या दोघींना एच१एन१ झाल्याचे आढळले. जैशा मॅरेथॉन धावली होती, हे खरे. पण सुधाची स्टीपलचेस अवघी दहा मिनिटांच्या आतबाहेरची. (त्याच प्रकारात आपल्या साताऱ्याची ललिता बाबर अंतिम फेरीत दहावी आली.) तेव्हा नुसत्या पळण्याला दोष देण्याआधी लांबचा विमानप्रवास, अपुरी झोप, मनावरचा ताण आणि जगभरच्या माणसांची गर्दी यांचाही हिशेब मांडायला हवा.

आपल्या तंजावरात सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारून वैद्यकाचा अभ्यास करवला. ज्या वाग्भटाला वैद्य प्रमाण मानतात, त्याने अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असे सांगून अतिव्यायामाच्या दोषांत खोकला आणि ताप मोजले आहेत. सराव करणाऱ्याने हे पथ्य रोज पाळले तर स्पर्धा कुठली जिंकणार! पण शेवटच्या आठवड्यात तरी ते ऐकावे.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच: सराव सोडू नका. चाचणीच्या आदल्या रात्री जागू नका, दुसऱ्याच्या बाटलीतून पाणी पिऊ नका, पळून आल्यावर उपाशी राहू नका. नुसते नाक वाहत असेल तर हलके पळायला हरकत नाही. ताप असेल किंवा अंग मोडून आले असेल, तर मात्र मैदानावर जाऊच नका. अशा वेळी विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते, आणि ती बाहेरून दिसत नाही.