वजन एकाचं, ताट सगळ्या घराचं

(ढाणकी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी याच ढाणकीत वाढले. सहावीपर्यंत गल्लीतल्या मुलांबरोबर लंगडी, खो-खो, पकडापकडी, सगळं खेळायचे. पाळी सुरू झाली आणि एका दिवसात खेळ बंद झाला. "आता मोठी झालीस", एवढंच कारण मिळालं. दोन वर्षांत वजन वाढलं. मग ज्या खालांनी मला घरात बसवायचा सल्ला अम्मीला दिला होता, त्याच दावतीत सगळ्यांसमोर म्हणू लागल्या, "किती फुगलीय ही! हिचं लग्न कसं जमणार?"

मी रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी उपाशीच शाळेत जायचे, दुपारी भूक सहन झाली नाही की वेफर्स आणि बिस्किटांचे पुडे संपवायचे. एक दिवस प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. अम्मीला खरंच वाटेना. म्हणाली, "इतकी जाड मुलगी, हिच्यात रक्त कमी कसं?"

पण असं होतं. पोट भरतं, पण शरीराला लोह आणि प्रथिनं मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत राज्यातल्या साधारण पाचपैकी एका स्त्रीचं वजन उंचीच्या मानाने कमी होतं आणि त्याहून थोड्या जास्त स्त्रियांचं ते प्रमाणाबाहेर होतं. म्हणजे एकाच मोहल्ल्यात दोन्ही प्रश्न आहेत. म्हणून मी फक्त 'वजन कमी करा' असं सांगायला आलेले नाही.

नुसतं बारीक दिसणंही पुरेसं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच होता: 22.3. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि सहकाऱ्याची 9.1 टक्के. आपल्याकडे काटा ठीक दाखवत असला तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. त्यातून मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून काट्याइतकंच ताटाकडे आणि मैदानाकडे बघायला हवं.

आता घरात काय करता येईल ते सांगते.

पहिलं, मुलांना उपाशी ठेवू नका. या वयात उंची वाढत असते. बऱ्याचदा वजन आहे तिथेच राहिलं आणि उंची वाढली, तरी प्रमाण आपोआप सुधारतं. मोठ्या माणसांचा बीएमआयचा तक्ता किशोरवयीन मुलांना जसाच्या तसा लावायचा नसतो. त्यांच्यासाठी वय आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळे तक्ते असतात. ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

दुसरं, एकट्या मुलीचं ताट वेगळं करू नका. भावाला कोल्ड्रिंक आणि हिला काकडी, हा अपमान आहे. जे बदलायचं ते सगळ्यांसाठी बदला. आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे, तुरीचं वरण आहे, पालेभाजी आहे, जवसाची चटणी आहे, अंडी आहेत. महागडी पावडर लागत नाही. अडीचशे मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये पाच-सहा चमचे साखर असते. ते रोज घरात येणं बंद झालं, तरी मोठं काम झालं. दावतीला बिर्याणी खा, ईदला शीरखुर्मा प्या, त्याचा धाक नको. रमजानमध्ये मात्र रोजच्या इफ्तारला तळलेली भजी आणि गोड सरबतच हवं, ही सवय आपणच लावून घेतली आहे. खजूर, फळं, चणे, पाणी यांनीही रोजा छान सुटतो.

तिसरं, खेळ. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी एक तास अंगमेहनतीची हालचाल सुचवते. मुलांना मैदान मिळतं, मुलींना ओटा. हा तास तिला कुठून मिळणार? नांदेडच्या पुढे, तेलंगणातल्या निजामाबादची निखत झरीन 2022 आणि 2023 मध्ये मुष्टियुद्धात विश्वविजेती झाली. तिच्या मागे तिचे वडील उभे होते. प्रत्येक मुलगी विजेती होणार नाही. पण तिला संध्याकाळी तासभर धावू द्यायला कुणाच्या बापाला विजेतेपदाची हमी कशाला हवी?

चौथं, झोप. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री मोबाइल उशाशी नको, अब्बांचाही नको.

आणि जे घरात निभणार नाही, त्यासाठी दवाखाना आहे. मानेवर काळे, जाड पट्टे, पाळीची अनियमितता, चालताना धाप, सतत थकवा, खाण्याची भीती वाटणं किंवा खाल्लेलं मुद्दाम ओकून काढणं, यातलं काहीही दिसलं तर लाजू नका. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून सुरू आहे. सरकारी रुग्णालयातल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये या वयाच्या मुलामुलींना सल्ला मिळतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात ठेवू नका, जेवणानंतर घ्या.

माझं पुढे काय झालं? अम्मी माझ्याबरोबर पहाटे चालू लागली. सुरुवातीला लोक बघायचे. महिन्याभराने शेजारच्या दोघी आमच्यात आल्या. माझं वजन हळूहळू जागेवर आलं, पण त्याआधी अम्मीचे गुडघे दुखायचे थांबले.

आज घरी गेल्यावर एवढं करा. धाकट्या बहिणीला 'जाडी' किंवा 'काडी' म्हणू नका. "चल, थोडं चालून येऊ" म्हणा, आणि चप्पल आधी तुम्ही घाला.