स्मार्ट शहर आणि पाण्याचा दिवस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘स्मार्ट सिटीवर बोल’ असं संयोजकांनी सांगितलं, कारण माझी नोकरी त्यातलीच. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. पण या विषयाची ओळख मला इंजिनिअरिंगला गेल्यावर नाही, इथं सोलापुरातच झाली. बाई, पहिल्या तासाला आम्ही काहीजणी डुलक्या घ्यायचो. अभ्यासाने नव्हे, रात्री पाणी सुटलेलं असायचं म्हणून!

केंद्र सरकारने २०१५ साली स्मार्ट सिटी अभियान सुरू केलं. त्यासाठी १०० शहरं निवडली. जानेवारी २०१६ मध्ये पहिली २० जाहीर झाली, त्यांत पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. किती आनंद झाला होता! पुढे पार्क स्टेडियमचं रूप पालटलं. पण घरी फोन केला की आई म्हणायचीच, “आज पाण्याचा दिवस आहे गं, नंतर बोलू.”

उजनी भरली म्हणजे नळ भरला असं होत नाही. मध्ये पंप, टाक्या, व्हॉल्व्ह आणि मैलोन्‌मैल पाइप असतात. पाणी दिवसाआड सोडलं की मधल्या काळात पाइप रिकामे राहतात. गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटताना आधी हवा येते आणि त्या हवेनेही मीटर फिरतो. म्हणजे नळ कोरडा आणि आकडा मात्र पुढे! यंत्राने दिलेला प्रत्येक आकडा खरा नसतो, हे मी यातून शिकले.

तरीही माझ्या हातून चूक झालीच. दुसऱ्या एका शहरासाठी आम्ही पाण्याच्या तक्रारींचं ॲप केलं. नकाशावर तक्रारी जास्त तिथं लाल रंग, कमी तिथं हिरवा. एक वस्ती वर्षभर हिरवीगार होती. बैठकीत मी ती कौतुकाने दाखवली. मागे उभा असलेला चावीवाला हळूच म्हणाला, “मॅडम, तिथं लाइनच गेलेली नाही. लोक टँकरवर आहेत. तक्रार नोंदवायला मालमत्ता क्रमांक लागतो, तो त्यांच्याकडे कुठला?”

तो रकाना सक्तीचा मीच ठेवला होता.

मग सक्ती काढली. चावीवाल्याबरोबर त्या वस्तीत फिरले. टँकरच्या रांगेतल्या बायकांनी जे सांगितलं, ते आमच्या एकाही सेन्सरला कळलं नव्हतं. नकाशावर एक नवा रंग आला, करडा. त्याचा अर्थ ‘तक्रार नाही’ असा नव्हे, तर ‘आम्हाला माहीत नाही’ असा.

स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. शहरं मात्र वाढतच आहेत. आपल्यात कुणी ठेकेदार आहे, कुणी डॉक्टर, कुणी राजकारणात. आपल्या गावाचा कुठलाही आराखडा समोर आला, तर एवढंच विचारा : यात कोण दिसत नाही?

हजेरी घेताना कुणी ‘हजर’ म्हटलं नाही, तर आपल्या बाई ते नाव दुसऱ्यांदा घ्यायच्या. तरीही उत्तर आलं नाही, तर शेजारच्याला विचारायच्या, “का रे, आला नाही का तो?” शहरालाही अशीच हजेरी घ्यावी लागते.