काचेच्या पेटीतला उन्हाळा

मे महिन्यात मराठवाड्यातल्या भोकरला दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. अशा गावात कुणी इग्वाना सरडा किंवा बॉल पायथन साप पाळायचं म्हटलं, तर त्याच्या खाण्याच्याही आधी विचार करावा लागतो उष्णतेचा. सरपटणारे प्राणी आपल्यासारखी अंगात ऊब तयार करत नाहीत. ऊब हवी तर उन्हात यायचं, नको तर बिळात शिरायचं, हा त्यांचा नेम. काचेच्या पेटीत ऊन आणि सावली, दोन्ही माणसानंच पुरवायची असतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथन या छोट्या अजगराच्या पेटीचं एक टोक ३१-३२ अंशांवर आणि दुसरं २५-२६ च्या आसपास ठेवतात. थर्मोस्टॅटचा सेन्सर उबदार टोकाला बसवतात. ठरलेलं तापमान आलं की तो हीटर बंद करतो. थर्मोस्टॅट नसेल, तर तापलेल्या हीटर-पॅडनं सापाचं पोट भाजतं. इग्वानाला अतिनील-बी किरणांचा दिवाही लागतो. हे किरण मिळाले नाहीत तर ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे उपयोगाचं नाही, कारण काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. शिवाय दिवा उजेड देत राहतो, पण त्यातले किरण कमी होत जातात. डोळ्याला ते कळत नाही, म्हणून मोजायचं यंत्र लागतं.

खरी अडचण पुढेच आहे. यातली बरीच साधनं थंड देशांतल्या घरांसाठी घडवलेली आहेत. थर्मोस्टॅट हीटर बंद करील, खोली गार करणार नाही. खोलीच चाळीस अंशांवर गेली, तर बंद हीटरशेजारी साप उष्माघातानं मरतो. मराठवाड्यात म्हणूनच पंखा किंवा कूलर सुरू करणारं नियंत्रक आणि लाइट गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर आधी हवा. तापमान वाढल्याचा निरोप मोबाइलवर पाठवणारे सेन्सर मिळतात. पण वायफायचा राउटरही इन्व्हर्टरवर नसेल, तर ऐन गरजेच्या वेळी तो निरोप येतच नाही.

काही अंशांच्या फरकानं काय घडतं, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला दिसतं. तिथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली. वाळू जास्त तापली तर अंड्यांतून माद्या अधिक निघतात, कमी तापली तर नर.

आता कायद्याचं. नाग, घोरपड, मांडूळ, तारा कासव हे आपले देशी प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घरात पाळता येत नाहीत, पेटी कितीही अद्ययावत असली तरी. मांडूळ धन आणतं या समजुतीपायी या गरीब सापाचा व्यापार चालतो, याचं फार वाईट वाटतं. इग्वाना, बॉल पायथन अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. घरात किंवा शेतात साप निघाला, तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा.