पाठभेद आणि श्रद्धा

(दासनवमीनिमित्त महाड येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जुलै २०२१ मधील सावित्रीचा महापूर आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. त्या पुरात आमच्या घरची, पणजोबांच्या हातची दासबोधाची पोथी भिजली. पाने वाळवली, पण काही पानांवरची अक्षरे नाहीशी झाली होती. तेवढ्या ओव्या छापील प्रतीवरून उतरवून घेताना ध्यानात आले की, वाचलेल्या पानांतही काही शब्द छापील प्रतीहून निराळे आहेत. शेजारी बसलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, मग समर्थांचे खरे शब्द कोणते?"

हा प्रश्न एका घराचा नाही आणि एका धर्माचाही नाही. ख्रिस्ती समाजाच्या 'नव्या करारा'तील एकाही ग्रंथाची मूळ हस्तलिखित प्रत आज उपलब्ध नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट घ्या. पुनरुत्थित येशू शिष्यांना दिसल्याचे सांगणाऱ्या त्यातील अखेरच्या १२ ओळी चौथ्या शतकातील दोन प्रमुख प्रतींत नाहीत. आज मान्य असलेल्या २७ ग्रंथांची नेमकी यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. हे शोधून काढणाऱ्यांत अनेक श्रद्धावान ख्रिस्ती पंडितच होते. आजच्या अनेक आवृत्त्यांत ही माहिती तळटीपेत छापलेली असते आणि भाविक ती वाचूनही प्रार्थनेला जातात. आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, आयुष्याची अखेरची वर्षे केडगाव येथे बायबलच्या मराठी भाषांतरात वेचली.

आपल्यातील काही तरुण अशी माहिती वादात शस्त्रासारखी वापरतात. त्यांना माझे सांगणे आहे की, ज्या मापाने दुसऱ्याचे मोजाल, त्याच मापाने आपलेही मोजावे लागेल. ज्या शिवथरघळीत आपण भक्तिभावाने जातो, तिचा शोध धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली लावला. म्हणजे मधल्या काळात तिचे विस्मरण झाले होते. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे 'शिवभारत' बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तर तीनशे वर्षांच्या आतच इतके अपपाठ शिरले की, शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. ज्ञानेश्वरीवर निस्सीम श्रद्धा होती, म्हणूनच नाथांनी हे परिश्रम घेतले. चिकित्सा ही त्यांची भक्तीच होती.

एक भेद मात्र प्रामाणिकपणे ओळखला पाहिजे. ख्रिस्ती श्रद्धा एका ऐतिहासिक घटनेवर उभी आहे; त्यामुळे तेथे पाठाचा प्रश्न अधिक खोलवर झोंबतो. दासबोध हा उपदेश आहे. प्रयत्न करावा, आळस टाकावा, हे एखाद्या पाठभेदाने खोटे ठरत नाही. त्याची परीक्षा आचरणात होते. पण शिवराय व समर्थ यांची भेट १६४९ मध्ये झाली की १६७२ मध्ये, असे आपण विचारतो, तेव्हा आपणही इतिहासाच्या अंगणात उभे असतो. तेथे अस्सल कागदपत्रांचाच निर्णय मानावा लागेल, मग तो मनासारखा असो वा नसो. पुरावा पाहून जी निष्ठा डगमगते, ती मुळात आग्रहावर उभी असते. समर्थांवरची आपली निष्ठा एखाद्या तारखेवर अवलंबून असू नये.

पूर ओसरल्यावर घराघरांतील चिखल उपसायला जे तरुण आले, त्यांच्यातील अनेकांनी दासबोध उघडलाही नसेल. पण ग्रंथातला यत्न मी त्या दिवशी त्यांच्या हातात पाहिला.

नातवाला मी सांगितले, "बाळा, काही ठिकाणी खरा शब्द कोणता, ते मला ठाऊक नाही. ते आपण शोधू. पण रोजचे वाचन त्यासाठी थांबवायचे नाही." पोथीत मी नव्याने लिहिलेल्या ओव्या लाल शाईत आहेत. पणजोबांचे कोणते आणि माझे कोणते, हे पुढच्या पिढीला कळले पाहिजे. आता रोज तिन्हीसांजेला तो एक समास वाचतो. लाल ओव्या आल्या की क्षणभर थांबतो आणि पुढे वाचू लागतो.